उजवीकडचं शेवटचं पेडल

प्रिय धाकट्या,

पत्राच्या सुरुवातीला ‘प्रिय’ लिहायची रीत आहे म्हणून लिहिलंय. तेवढ्यावरून पाघळू नकोस, पुढे तसं काही नाही. फोन केला असता, पण फोनवर तू सारखा ‘अगं, ऐक तर’ म्हणतोस, मग मी चिडते, आणि चिडले की मुद्दा राहतो बाजूला आणि तुझ्या लहानपणापासूनच्या खोड्या बाहेर पडतात. पत्रात तुला मध्ये तोंड घालता येत नाही. खोड्या येतीलच, पण माझ्या सोयीने येतील. पाकीट तुझ्या बायकोच्या हाती देतेय. ती फोडणार नाही, कारण आत काय आहे ते तिला तुझ्याआधीच माहीत आहे.

पहिली बातमी ही की बाबांची गाडी माझ्याकडे आहे. ती डेंटिंगवाल्याकडे गेलीय असं तुला सांगायला मीच तिला सांगितलं. तिला खोटं बोलायला लावलं म्हणून माझ्यावर डाफरू नकोस. तुझ्या घरात त्या गोष्टीला बंदी असल्याचं मला तरी कधी दिसलं नाही.

माझं गॅरेज तू पाहिलेलं नाहीस. पेट्रोल पंपाच्या मागे, टायरवाल्याला खेटून एक पत्र्याची शेड आहे. आत दीड गाडी मावते, म्हणजे एक पूर्ण आणि दुसरीचं नुसतं तोंड, बाकीची बाहेर ऊन खाते. भिंतीला एक बाक, बाकावर लोखंड पकडून धरायचा व्हाइस, आणि खिळ्याला टांगलेला माझा स्कॅनर. तो जुना घेतलेला आहे, कोपरा फुटलाय, चिकटपट्टी लावलीय. पण स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये वायर खोचली की पोपटासारखा बोलतो. लोक मला स्कॅनरवाली म्हणतात. तुझ्या गॅरेजात दोन-दोन सेन्सर बदलून झालेली आणि तरीही चेक इंजिनचा दिवा मिरवत फिरणारी गिऱ्हाइकं शेवटी माझ्याकडे येतात. हे टोमणा म्हणून लिहिलंय, टोमणा म्हणूनच घे.

तुझी ती खोड काही गेलेली दिसत नाही. आठवतं का, आपल्याकडे स्कॅनरचं पहिलं मशीन आलं तेव्हा ते विकणारा माणूस अर्धा दिवस बसून दाखवत होता? मी वहीत उतरवून घेत होते आणि तू खोक्यावरचं चित्र बघत होतास. तो म्हणाला होता की मशीन फक्त कोण ओरडलं ते सांगतं, कशाने ओरडलं ते तुम्ही शोधायचं. तू पहिलं वाक्य ऐकलंस आणि चहा सांगायला उठलास. तेव्हापासून तुझं काम सोपं झालं. मशीन म्हणालं हवेचा सेन्सर, की तू हवेचा सेन्सर बदललास. खाली पाइपाला चीर आहे, तिथून हवा शिरतेय, सेन्सर बिचारा खरं तेच सांगतोय, हे बघायला वाकावं लागतं. वाकणं तुझ्या स्वभावात नाही. जो ओरडतो त्याला काढून टाकायचं, ही तुझी दुरुस्ती. माणसांनाही तू तीच पद्धत लावतोस, हे मला जरा उशिरा कळलं.

आता त्या दिवसाबद्दल. तू तो दिवस विसरला असशील, तुला ते जमतं. मी सकाळी आपल्या दोघांच्या गॅरेजात बाबांच्या गाडीच्या ब्रेकचं काम केलं. पुढचे पॅड बदलले, ब्रेक ऑइल बदललं, चारी चाकांच्या ब्रेकलाइनमधली हवा काढली. तू टेबलाशी बसून कुणाशी तरी फोनवर हसत होतास. मी गाडी पाण्याच्या टाकीच्या चढापर्यंत नेऊन आणली, उतारावर मुद्दाम जोरात ब्रेक मारून पाहिला, गाडी जागच्या जागी उभी राहिली. मग बाबा आले, आईला चष्मा आणायचा होता म्हणून तिला घेऊन निघाले, आणि थोड्या वेळाने वळणावरच्या औषधाच्या दुकानाचा माणूस धावत आला की मास्तरांची गाडी भिंतीवर गेली.

आपण दोघंही पळालो. बाबांना खरचटलंसुद्धा नव्हतं, ते फुटपाथवर उभे राहून गाडीकडे बघत होते, सोपं गणित चुकलेल्या हुशार विद्यार्थ्याकडे बघावं तसे. आईचा हात मनगटात मोडला होता. बाबा एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होते की मी पूर्ण दाबला, ब्रेक लागलाच नाही. सगळा जन्म दुसऱ्यांना ब्रेक मारायला शिकवणारा माणूस म्हणतोय म्हटल्यावर कोण शंका घेणार? निम्म्या गावाला गाडी शिकवलेले मास्तर ते. आई मात्र हात धरून कळवळत होती आणि म्हणत होती की गाडी केवढ्याने ओरडत होती, केवढ्याने. मी तिथेच तुला म्हटलं की ब्रेक फेल झाला तर इंजिन कशाला ओरडेल? तू म्हणालास, ताई, आत्ता नको. तू बरोबरच म्हणालास. आत्ता नको म्हणजे कधीच नको, हे तेव्हा मला कुठे माहीत होतं.

गाडी ओढून आणली. तू मला हात लावू दिला नाहीस. म्हणालास, तुझंच काम आहे, तूच तपासलंस तर लोक काय म्हणतील. मला तेही पटलं, एवढी मी शहाणी. मशीन घेऊन तू आत बसलास, दार लावून घेतलंस. मी बाहेर बॉनेटला टेकून उभी होते आणि काचेतून तुझा चेहरा मला दिसत होता. तू पडद्याकडे बघितलंस, मग बघतच राहिलास. मग अंगठा दाबलास. बाहेर येऊन सगळ्यांसमोर, औषधवाल्यासमोर, शेजाऱ्यांसमोर, आपल्या कामगारांसमोर म्हणालास की मशीनमध्ये काहीच नाही, ब्रेकचंच आहे, लाइनमध्ये हवा राहिली असणार. आणि मी काही बोलायच्या आत तू स्वतः पाना घेऊन हवा काढायला बसलास. एकदा हवा काढली की आधी होती की नव्हती हे ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही. ते तुला माहीत होतं.

आईचं पुढचं तुला माहीत आहे, पण माझ्या बाजूने तू ते कधी बघितलं नाहीस, म्हणून लिहिते. दवाखान्यात मी तिच्या उशाशी गेले तर तिने भिंतीकडे तोंड केलं आणि म्हणाली, “तुझ्या हातांनी माझा हात घालवला.” एवढंच. नंतर हाड जुळलं, पण मनगट वळत नाही. तिला स्वतःची वेणी घालता येत नाही. सुरुवातीला मी यायचे ना घरी, तेव्हा एकदा कंगवा हातात घेतला तर तिने तो माझ्या हातातून काढून तुझ्या बायकोला दिला. त्यानंतर मी यायची बंद झाले, आणि तू सगळ्यांना सांगितलंस की ताई फार मानी आहे.

गॅरेजातून तू मला काढलंस असं मी म्हणत नाही. तू फक्त म्हणालास की काही दिवस येऊ नकोस, गिऱ्हाइकं विचारतात. ते काही दिवस अजून संपलेले नाहीत. बाबांनी दोघांसाठी म्हणून घेतलेली जागा तुझी एकट्याची झाली, सुंठीवाचून खोकला गेला. तू हे सगळं गॅरेजसाठी केलंस, असंही मी म्हणत नाही. पण गॅरेज आपोआप ओंजळीत पडलं तेव्हा तू हात मागे घेतला नाहीस, एवढं म्हणते.

आणि मला काय झालं ते सांगू? मला माझ्या हातांची भीती बसली. ब्रेकची गाडी आली की मी हवा काढायची, चाक चढवायची, पुन्हा उतरवायची, पुन्हा हवा काढायची. गिऱ्हाइक वैतागून जायचं. गाडी रस्त्याला लागली की मी शेडच्या दारात उभी राहून वळणावरून आवाज येतो का ऐकत बसायची. जेवताना स्वतःच्या बोटांकडे बघत राहायची, की यांनीच ना नटबोल्ट आवळले होते, मग कुठे राहिली हवा? मी आईच्या जागी असते तर मीही कंगवा काढून घेतला असता, असं मला वाटायचं. हे तू मला दिलंस. चूक कुणाची हे माहीत असताना दिलंस. मला तुझा राग येतो धाकट्या, आणि तो हळूहळू कमी होईल अशा आशेवर राहू नकोस.

आता ताजी हकिकत. काल सकाळी तुझी बायको गाडी घेऊन शेडच्या दारात आली. बंपर एका बाजूने लोंबत होता, चेक इंजिनचा दिवा लागलेला, आणि मागच्या सीटवर माझी भाची, ओठ सुजलेला, रडून झालेलं. शाळेत सोडायला निघालेले आजोबा इमारतीच्या फाटकातून बाहेर पडताना समोर सायकलवाला आला, आणि गाडी फाटकाच्या खांबावर गेली. पोरीने पट्टा लावला होता म्हणून ओठावर निभावलं. तिला तू काय सांगितलंस तेही तिने मला सांगितलं. पप्पा म्हणाले, कुणाला सांगू नको, मी दुपारी गाडी बघतो. तुझी बायको उतरली, किल्ली माझ्या हातात ठेवली आणि म्हणाली, “ताई, तुम्हीच बघा. ह्यांनी बघितली की मशीनमध्ये काहीच सापडत नाही.”

इतक्या वर्षांत त्या बाईशी मी चार वाक्यं धड बोलले नसेन. तुझी बायको म्हणजे तुझीच बाजू घेणार, असं मी धरून चालले होते. तिथे माझा अंदाज चुकला, आणि तुझाही.

मी सॉकेटला वायर जोडली. पडद्यावर बिघाडाचा कोड एकच होता. बंपरच्या मागे बोटाएवढा सेन्सर असतो, बाहेरची हवा किती गरम आहे ते सांगणारा. ठोकर बसली, त्याची वायर तुटली, गाडीने नोंद केली. असा कोड बघून तू काय करतोस ते मला पाठ आहे. पण कोडाच्या आत अजून एक पान असतं, जे तू एरवी उघडत नाहीस. ज्या क्षणी बिघाड होतो त्या क्षणाचा गाडी फोटो काढून ठेवते. फोटो म्हणजे नुसते आकडे. वेग किती, इंजिन किती फिरतंय, कुठलं पेडल किती दाबलंय. मी ते पान उघडलं. क्लच पूर्ण दाबलेला. इंजिन किंचाळण्याइतकं फिरतंय. ॲक्सिलरेटर अगदी तळापर्यंत. आणि ब्रेकपुढे लिहिलंय, दाबलेला नाही.

मी ते एकदा वाचलं आणि गाडीतून उतरून पाणी प्याले. मग पुन्हा बसून वाचलं. आई म्हणाली होती ना, गाडी केवढ्याने ओरडत होती. त्या दिवशीही हाच सेन्सर तुटला असणार, कारण आता बंपरमागे मला तो दुसऱ्या कंपनीचा, वायरला गाठ मारून बसवलेला सापडला. गाठ तुझ्या हातची, टेप उलट्या बाजूने गुंडाळणारा घरात तू एकटाच. सेन्सर तुटला म्हणजे कोड पडला. कोड पडला म्हणजे फोटोही निघाला. आणि कोड पुसला की त्याच्याबरोबर फोटोही जातो. पुसण्याआधी ते मशीन विचारतं की खात्री आहे का, आणि माणसाला हो किंवा नाही दाबावं लागतं. काचेतून मी बघितलेला तुझा अंगठा तो होता.

तरीही मी थोडा वेळ तुझी बाजू घेऊन पाहिली, लाज वाटते सांगायला. म्हटलं, कदाचित याने पान उघडलंच नसेल, नुसता कोड बघून पुसला असेल, याचं कामच तसं ढिसाळ. मग मी पेडलं बघायला खाली वाकले. ब्रेकच्या पेडलवर तू जाड, खडबडीत रबर बसवलं आहेस. कडेने कापून, खालून दोन रिव्हेट मारून, नीट. तुझ्या हातचं इतकं नीट काम मी आजवर पाहिलं नव्हतं. बाबांच्या पायाला बुटातून कळावं की हा ब्रेक, म्हणून. ते रबर बघून क्षणभर मला तुझी दया आली. तुला बाबांना सांगायची हिंमत झाली नाही, म्हणून तू त्यांच्या पेडलला सांगून ठेवलंस. मग भाचीचा ओठ आठवला. त्या रबराच्या भरवशावर तू पोटची पोर त्यांच्याबरोबर शाळेत पाठवत होतास, रोज.

तुला वाटलं असेल की म्हातारपण आहे, गोंधळ होतो, मास्तरांची लाज झाकू. आपल्या बापाची मूठ झाकायला तू खापर माझ्या डोक्यावर फोडलंस, तेही मला न विचारता. विचारलं असतंस तर? आपण दोघं बसून ठरवलं असतं. कदाचित मी स्वतःच म्हटलं असतं की बाबांचं नाव नको, माझं घे. पण मग ते मी दिलेलं असतं. तू ते माझ्या खिशातून काढलंस, त्याला देणं म्हणत नाहीत.

बरं, तू पान उघडलंस आणि आकडे वाचलेस. पण वाचूनही तुला कळलं नाही. मलाही काल कळलं नाही, आज सकाळी कळलं, ते सांगते. आधी एक आठव. आपल्याला बाबांनीच शिकवलं. त्यांच्या त्या ड्रायव्हिंग शाळेच्या गाडीत शेजारच्या सीटपुढेही पेडलं होती. तिथे बसून ते चौकात येणाऱ्या हातगाड्या आपल्याआधी बघायचे, आणि आपल्या पायाखालचं पेडल भूत लागल्यासारखं आपोआप खाली जायचं. मला त्याचा भयंकर राग यायचा. मी म्हणायचे, मला दिसलं होतं, मी दाबणारच होते. तू मात्र मजेत होतास. तू गाडी चालवायला शिकलास, ब्रेक मारायला शिकला नाहीस, कारण तो बाबा मारायचे. आणि स्वतः बाबा स्टिअरिंगवर असे कधी बसायचे? सहलीला जातानासुद्धा एखादा विद्यार्थी चालवायला असायचा, आई मागे जीव मुठीत धरून, आणि बाबा आपले शेजारी. शाळा बंद करून ही गाडी घेतली तेव्हा कुठे ते चालकाच्या जागेवर आले.

तर आज सकाळी बाबा शेडवर आले. चालत. शर्ट खोचलेला, केस विंचरलेले, जणू पहिल्या दिवशी विद्यार्थ्याच्या घरी निघालेत. एवढ्या काळात पहिल्यांदा त्यांनी माझ्या शेडचा उंबरा बघितला. तुझ्या बायकोने त्यांना सांगितलं असणार गाडी कुठे आहे. मी काय बोलायचं ते ठरवत होते, तोवर ते सरळ गाडीकडे गेले आणि सवयीने शेजारचं दार उघडून आत बसले. मी चालकाच्या सीटवर, मांडीवर स्कॅनर. त्यांनी चष्मा आणला नव्हता. म्हणाले, काय म्हणतंय मशीन, वाच. मी कोड वाचला. म्हणाले, पुढे वाच. त्यांना फसवता येत नाही रे, त्यांनी आयुष्यभर थापा मारणारे विद्यार्थी शेजारी बसवलेत. मी पान उघडून एकेक आकडा वाचला. मान हलवून म्हणाले, शक्य नाही, मी ब्रेकच दाबला होता, दोन्ही पायांनी दाबला, क्लच आणि ब्रेक.

तेवढ्यात टायरवाल्याला त्याची गाडी काढायची होती म्हणून त्याने हाक मारली. मी म्हटलं, थांबा, जरा पुढे घेते. गाडी सुरू केली, शेडबाहेर काढली, आणि पंपाकडून एक माणूस मान खाली घालून फोनमध्ये बघत सरळ समोर आला. मी ब्रेक मारला. त्याच क्षणी शेजारून धप्प असा आवाज आला. बाबांचे दोन्ही पाय खालच्या मॅटवर आपटले होते. डावा क्लचवर, उजवा ब्रेकवर, अगदी पूर्ण ताकदीने. तिथे पेडलं नाहीत. पण कुठे असायची ते त्यांच्या पायांना माहीत होतं. दोनच पेडलं, डावीकडे क्लच आणि उजवीकडचं शेवटचं ते ब्रेक. त्या बाजूला ॲक्सिलरेटर कधी नव्हताच. मी त्यांच्या पायांकडे बघत राहिले आणि त्यांनीही खाली बघितलं. माणूस केव्हाच निघून गेला होता. बाबांनी पाय उचलला नाही.

म्हणजे म्हातारपण नाही, डोळे नाहीत, गोंधळही नाही. रोज गाडी चालवताना ते तीन पेडलांचे चालक असतात. समोर अचानक कुणी आलं की मास्तर होतात, आणि मास्तरांचा पाय शेवटच्या पेडलवर जातो, ज्याने शेकडो पोरांचे जीव वाचवले तोच पाय. गाडी भिंतीला लागेपर्यंत ते मनापासून ब्रेक दाबत होते. तुझं ते रबर मधल्या पेडलवर आहे, त्यांचा पाय तिथे जाणारच नव्हता. तू वाकून बघितलं असतंस, एकदा त्यांना शेजारी बसवून चार पावलं गाडी नेली असतीस, तर तुलाही हे दिसलं असतं. पण तू कोड बघितलास आणि मला काढलंस.

बाबांनी बुटाच्या टोकाने ती रिकामी जागा चाचपली. मग म्हणाले, “माझा ब्रेक इथे असायचा.” मी हो म्हटलं. त्यांनी खिशातून दुसरी किल्ली काढली, डॅशबोर्डवर ठेवली आणि म्हणाले, आता तू चालव, घरी सोड. मी सोडलं. वाटेत ते प्रत्येक चौकात पाय आखडून बसले होते. मला वाटलं होतं की ज्या दिवशी माझ्या हातांचा दोष नव्हता हे कळेल त्या दिवशी मी आनंदाने ओरडेन. मला त्यांच्याकडे बघवेना.

आता हे पत्र का, ते ऐक. उतरताना त्यांनी दार धरून विचारलं, “धाकट्यानं हे तेव्हाच बघितलं होतं?” हो म्हणणं माझ्या जिभेवर होतं, एवढा काळ वाट बघून पिकलेलं. मी म्हटलं, त्यालाच विचारा. ते म्हणाले, संध्याकाळी विचारतो, तुझ्या आईसमोरच. तुला तिथे कोंडीत सापडलेला बघायला मला फार आवडलं असतं, खोटं कशाला बोलू. पण मी तुला पाळण्यापासून ओळखते. तू घाबरलास की खोटं बोलतोस, आणि विचार करायला वेळ मिळाला तर कधीमधी खरं बोलतोस. आज घाबरून ‘मशीनमध्ये काही नव्हतं’ म्हणालास तर आई तुझ्यावर विश्वास ठेवेल, ती ठेवतेच, आणि तुला वाचवायला बाबा ते गिळून टाकतील. मग माझे हात कायमचे तसेच राहतील. म्हणून दुपारीच पत्र पाठवतेय, वळणाआधी हॉर्न द्यावा तसं. या वेळचा कोड मी पुसलेला नाही, मशीनने विचारलं तेव्हा नाही दाबलं. पण तो दाखवायला मी येणार नाही. आकडे आईला काय कळणार? तिला तुझ्या तोंडून कळलं पाहिजे. गॅरेज ठेव, मला नको. फक्त तिला सांग की ताईच्या हातांनी काही झालं नव्हतं. मी समोर नसताना सांगितलंस तरी चालेल. सांगितलंस की नाही ते मला कुणी कळवायची गरज नाही. उद्या सकाळी मी घरी येणार आहे, आणि आईच्या मागे बसून कंगवा हातात घेणार आहे.

बदलून मिळत नाही म्हणून अजूनही तुझीच,
ताई